अक्कांच्या वाटणीचं जेवण

आमच्या गावात बायकांची पत्रं लिहून देणाऱ्या एकच होत्या, चंदनबाला अक्का. त्या पत्राचे पैसे घेत नसत. शाई त्यांची, टाक त्यांचा. अट एवढीच की त्या खोटं लिहीत नसत.

गाव कृष्णेच्या काठी, सांगलीपासून तीन कोसांवर. निम्मी घरं मराठ्यांची, निम्मी जैनांची. लढाई सुरू झाली तसे गावातले अकरा गडी पलटणीत गेले. माझे वडील मानसिंग त्यातलेच. माझं आजोळ खटावकडचं. मामा वडलांना घेऊन साताऱ्याला भरतीला गेला आणि एकटाच परत आला. तेव्हा मी वर्षाची होते. वडील समुद्रापलीकडं गेले. तिकडून पत्रं यायची, त्यांना उत्तरं लिहावी लागायची. शाळेचे मास्तर होते, पण मास्तरांपुढं बायकांना मनातलं सांगता येत नसे. म्हणून सगळ्या अक्कांच्या सोप्यावर जायच्या.

अक्कांचं तेव्हा वय तेहतीसच्या आसपास असेल. पांढरं लुगडं, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. त्यानंतर सासरच्यांनी त्यांना सोलापूरला आश्रमात शिकायला ठेवलं. तीन वर्षांनी परत आल्या त्या लिहायला वाचायला शिकून. घरात दीर धन्यकुमार, त्याची बायको सुलाबाई आणि त्यांची मुलं. घर खाऊन पिऊन सुखी. त्या घरात अक्का दिवसातून एकदाच जेवायच्या. दुपारी, पाटावर बसून, एक शब्द न बोलता. मग दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत गाळून उकळलेल्या पाण्याशिवाय काही नाही. जैनांच्या घरात एकवेळ जेवणारी माणसं असतात, म्हणून गावाला त्याचं काही वाटत नसे.

पुढची हकीगत मला आईनं आणि अक्कांनी वेगवेगळी सांगितली. दोघींचं सांगणं जुळतं. पहिल्यांदा रडलं कोण, एवढ्यावर फक्त त्यांचं एकमत नव्हतं.

त्रेचाळीस सालच्या थंडीत वडलांचं पत्र आलं. आई, म्हणजे राहीबाई, ते घेऊन अक्कांकडं गेली. वडील पलटणीत अक्षरं शिकले होते, पण बोलायचे तसंच लिहायचे. अक्कांनी वाचून दाखवलं.

"हितं चार येळा खायाला मिळतं. सकाळी च्या आन पुरी. दुपारी डाळ रोटी. चारला पुन्हा च्या. रातच्याला भात, आठवड्याला दोन डाव मटान. दूध डब्यातलं असतं, त्याला गाईचा वास न्हाई. खाताना तुमची याद येती. तिकडं धान्य मिळंना असं हितले गडी बोलत्यात. तू किती येळा जेवतीस ते लिव. खरं लिव."

आई लगेच म्हणाली, "लिवा अक्का, तीन येळा जेवती. न्ह्यारी, दुपार, रात. काळजी करू नगा म्हणावं."

अक्कांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. त्यांची नजर आईच्या हाताकडं गेली. लग्नात घट्ट बसलेल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत होत्या.

"आज सकाळी काय खाल्लंस, राहीबाई?"

"भाकरी."

"कशाबरोबर?"

"ह्याच्याबर... ताकाबर," ती म्हणाली. आमची म्हैस विकून सहा महिने झाले होते, हे अक्कांना माहीत होतं.

"हे मला लिहिता येणार नाही."

"का वो?"

"खोटं आहे."

"खोटं आसंल तर माजं हाय. तुमी निस्ती अक्षरं काडायची."

"हात माझा आहे की," अक्का म्हणाल्या.

आईला राग आला. नवरा परमुलखात बंदूक घेऊन उभा, त्याला घरची उपासमार कळवायची का? तिथं त्याच्या नरड्याखाली घास तरी उतरेल का? ती हे सगळं बोलली. अक्कांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "उपाशी आहे असं कळव, असं मी कुठं म्हणते? ते तुझ्या नवऱ्यालाही नको, मलाही नको. पण तीन वेळा लिहायचं तर तीन वेळा जेवायला पाहिजे."

"जेवायला दाणं नगं?"

टाक दौतीत तसाच ठेवून अक्का आत गेल्या. पत्र अर्धंच राहिलं.

आमच्या घरची परिस्थिती अशी होती. घरात आई, मी, म्हणजे विजू, आणि आजी. आजीचं नाव बनुबाई. मोतीबिंदूनं तिची नजर जवळजवळ गेलेली. माणूस कोण ते आवाजावरून ओळखायची. दोन एकर रान वाट्यानं दिलेलं. पलटणीतून दर महिन्याला मनीऑर्डर यायची, पण त्या साली पैसा असूनही बाजारात दाणा नव्हता. सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जोंधळा गेला, रेशनच्या दुकानावर मिळायचा तो किडका आणि मोजका. चांगल्या दिवसांत आमच्याकडं सकाळी न्याहारीला शिळी भाकरी आणि दही, दुपारी आमटी भाकरी, दिवेलागणीला कोरड्यास आणि भाकरी असायची. आधी दही गेलं, मग डाळ गेली. मग आईनं स्वतःची न्याहारी बंद केली, आणि काही दिवसांनी दुपारचंही. आजीला आणि मला वाढून झाल्यावर ती आपलं ताट पुढं घ्यायची, वाटी त्यावर आपटायची, तांब्यातलं पाणी प्यायची आणि मोठ्यानं ढेकर द्यायची. आजीला वाटायचं, सून जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी आईला बोलावून घेतलं. सोप्यावर केळीच्या पानावर एक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही.

"बस."

"मी कुणाचं फुकटचं खात न्हाई," आई म्हणाली.

"हे कुणाचं नाही, माझं आहे. ह्या घरात माझ्या वाटणीची सकाळची भाकरी आहे, संध्याकाळची भाकरी आहे. चौदा वर्षं त्या मी खाल्ल्या नाहीत. मला पाहिजे त्याला देईन."

"आन तुमी?"

"मी दुपारी जेवते. मला तेवढं पुरतं."

आई बराच वेळ उभी राहिली. मग बसली. एक घास मोडला, तोंडाजवळ नेला आणि अक्का पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात भाकरी पदरात बांधली. अक्का आल्या तेव्हा पान रिकामं. त्यांनी नुसतं पदराकडं पाहिलं.

"लेकरू हाय घरला," आई म्हणाली. "त्येला सोडून मला गिळवत न्हाई."

"मग लेकराला घेऊन ये."

म्हणून मी जायला लागले. माझी पहिली आठवण तिथलीच आहे. शेणानं सारवलेला थंडगार सोपा, आणि अक्कांचा हात माझी हनुवटी धरून तोंडात दहीभाताचा घास सारतोय. समोर आई भाकरी खातेय आणि अक्का तिच्याकडं टक लावून बघतायत, पदर तपासावा तशा. सकाळी एकदा आणि दिवस मावळायच्या आधी एकदा. दुपारचं जे असेल ते आमच्या घरी. अंधार पडल्यावर त्या घरात चूल पेटत नसे, त्यामुळं आम्ही उन्हं उतरायला लागली की पळतच जायचो.

सुलाबाई सुरुवातीला कुरकुरल्या. आपल्याच घरात धान्य मोजून वापरायची पाळी, त्यात हे बाहेरचं कशाला, असं त्यांनी नवऱ्याला ऐकवलं. धन्यकुमारनी वहिनीला विचारलं. अक्का म्हणाल्या, "भावजी, माझ्या वाटणीपेक्षा एक चतकोर जास्त जात असेल तर सांगा." धन्यकुमार मान खाली घालून म्हणाले, "वैनी, तुमचं ताट तुमचं. त्यात मी काय बोलणार?" पुढं सुलाबाईच कधीकधी माझ्यासाठी गुळाचा खडा ठेवायच्या.

पत्र मात्र अजून गेलेलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, निदान आठ दिवस होऊ दे, मग लिहू.

त्या आठ दिवसांत गोष्ट आजीच्या कानावर गेली. शेजारची कुणी म्हणाली, "बनुबाई, तुजी सून जैनाच्या सोप्यावर पान घिऊन बसती की गं." आजीला ते फार लागलं. लेक पलटणीत आणि सून दुसऱ्याच्या दारात! तिनं काठी घेतली, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "चल, दाव वाट."

आम्ही पोचलो तेव्हा आई खात होती. आजीला दिसलं नाही, पण आईनं दचकून वाटी खाली ठेवली तो आवाज तिनं ऐकला.

"राही," आजी म्हणाली, "घरात काय कमी हाय म्हणून हितं आलीस? मी तुला उपाशी ठेवती?"

आई उठून उभी राहिली. आजीनं अक्कांच्या दिशेला तोंड केलं. "अक्का, तुमी शाणी मानसं. तुमी तरी सांगा."

आईनं हात जोडून खूण केली, बोलू नका. पण विचारल्यावर खोटं बोलायचं नाही, हा अक्कांचा नेम होता.

"मावशी, तुमची सून तुमच्या घरी दिवसातून एकदाच जेवते. तेही उरलं तर."

"कोन म्हनतं? ती जेवती. रोज जेवती. मी तिचं ताट वाजल्यालं ऐकती की!"

आजी तशीच उभी होती, काठीवर दोन्ही हात ठेवून. मग तिनं हळूच विचारलं, "राही, ताटात काय असतं गं?"

आई म्हणाली, "आत्याबाई..."

आजी मटकन खाली बसली. अंदाजानं हात पुढं करत तिनं आईचं पान शोधलं, त्यावरची अर्धी भाकरी चाचपली, ती उचलून आईच्या हातात दिली. "खा," म्हणाली. "आदी ही खा."

आईचं म्हणणं, पहिल्यांदा अक्का रडल्या. अक्कांचं म्हणणं, आजी.

त्या दिवसापासून आमच्या घरी जेवायची रीत बदलली. आजीनं आईला आपल्या शेजारी बसवलं. सुनेनं सासूच्या बरोबरीनं जेवायचं, हे तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. आजी आधी डावा हात आईच्या ताटात घालून भाकरी चाचपायची, मग स्वतःच्या ताटातली चाचपायची, आणि दोन्ही सारख्या वाटल्या तरच घास मोडायची. आईनं एकदोनदा आपली भाकरी पातळ थापून बघितली. आजीच्या बोटांना तेही कळलं.

आणि फुकट खाणं आजीलाही मंजूर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाट सरताना ती अक्कांच्या दारात हजर. "जात्याला डोळं लागत न्हाईत," म्हणाली. अक्कांचा नेम असा की पीठ ताजंच पाहिजे, निवडून, चाळून. ते दळण आजीनं आपल्या अंगावर घेतलं. जोंधळे आई निवडायची, किडा दिसला तर मारायचा नाही, बाहेर नेऊन सोडायचा, हे तिनं शिकून घेतलं. अक्का जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसायच्या. दोघींचा हात एकाच खुंट्यावर. आजी ओव्या म्हणायची, अक्का हसायच्या नाहीत, पण ऐकायच्या.

पत्र गेलं. "मी दिवसातून तीन वेळा जेवते. सकाळी भाकरी, चटणी, दही. दुपारी आमटी किंवा भाजी भाकरी. संध्याकाळी दिवस असताना भाकरी, मुगाची उसळ, कधी दूध. विजू अंगानं भरली आहे. आत्याबाई बऱ्या आहेत." अक्कांनी वाचून दाखवलं आणि खाली आईचा अंगठा घेतला. कुणाच्या घरचं खाते, ते आईनं लिहायला सांगितलं नाही, म्हणून अक्कांनी ते लिहिलं नाही.

असं दीड वर्ष चाललं. आईच्या बांगड्या मनगटावर आल्या. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात अक्काच आजारी पडल्या. आधी बारीक ताप, मग ताप गेला पण अशक्तपणा राहिला. पाण्याची घागर उचलताना घेरी येऊन पडल्या. धन्यकुमारनी छकडा जोडून सांगलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, अंगात रक्त नाही. दोन वेळा नीट जेवा, दूध घ्या. अक्कांनी मान हलवली आणि घरी आल्यावर पुन्हा एकच वेळ.

सुलाबाई समजावून दमल्या. धन्यकुमार पाया पडले. शेवटी आईनं विचारलं. त्या दिवशी सोप्यावर दोघीच होत्या, मी अंगणात चिंचोके खेळत होते.

"अक्का, ह्यो नेम तुमाला कुनी दिला? मुनी म्हाराजांनी?"

"कुणी नाही. माझा मीच घेतला."

"कशापायी?"

अक्कांनी सांगितलं. त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं ते.

त्यांच्या नवऱ्याचं नाव जवाहर. वय चोवीस. त्याला विषमज्वर झाला. त्या वेळी विषमज्वरात रोग्याला अन्न द्यायचं नाही अशी पद्धत होती. वैद्यांनी सक्त सांगितलेलं, तांदळाचं शीतसुद्धा पोटात गेलं तर आतडं फुटेल. एकवीस दिवस नुसतं पाणी. तापात तो अक्कांचा पदर धरायचा. "थोडं दे गं. चतकोर दे. कुणाला सांगत नाही." अक्का पदर सोडवून घ्यायच्या. घरातली मोठी माणसं म्हणायची, तू तरी जेव, तुला उठबस करायची आहे. म्हणून त्या आत जायच्या आणि जेवायच्या. दोन वेळा. भूक लागायची, एकोणीस वर्षांचं वय. बाविसाव्या दिवशी सकाळी त्या आत न्याहारी करत होत्या. बाहेर आल्या तेव्हा तो गेलेला होता.

"माझ्या तोंडात घास होता, राहीबाई," अक्का म्हणाल्या. "तो मी गिळला. काय करायचं सुचलं नाही, म्हणून गिळला. त्या दिवसापासून सकाळचं आणि संध्याकाळचं माझ्यानं होत नाही."

आईला शिकवण नव्हती, धर्माचं बोलता येत नव्हतं. ती अक्कांच्या पायाशी बसून राहिली. मग म्हणाली, "त्येंनी चतकोर मागितली ती तुमच्या हातची. तुमी उपाशी ऱ्हावं असं कुटं म्हनलं?"



चार दिवसांनी आई पत्र लिहायला आली. नेहमीचं लिहून झालं. मग म्हणाली, "आता लिवा. मी सकाळी आन सांजचं जेवती ती भाकरी चंदनबाला अक्कांच्या वाटणीची हाय. त्या सोता एकदाच जेवत्यात. आता लय आजारी हायत."

टाक थांबला.

"हे कशाला?"

"खरं हाय का न्हाई?"

"आहे."

"मग लिवा की. खरंच लिवायचं आसतं म्हनता न्हवं?"

अक्कांनी आईकडं पाहिलं. पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते आईला कधी नीट सांगता आलं नाही. पण त्यांनी लिहिलं. एकही शब्द न गाळता.

उत्तर यायला दोन महिने लागले. तोवर लढाई संपल्याची बातमी गावात आली होती, पण माणसं परतली नव्हती. अक्का भिंत धरून चालायच्या. पत्र आलं तेव्हा आजीही जात्यापाशी होती, ती हात पुसत बाहेर आली. वडलांनी सगळं पत्र आईला लिहिलं होतं, शेवटच्या चार ओळी अक्कांना. त्या अक्कांनाच वाचाव्या लागल्या.

"अक्कास्नी दंडवत. आमच्या पलटणीत एकाचं रेशन दुसऱ्यानं खाल्लं तर दोघांस्नी शिक्षा हुती. खाणाऱ्याला आन देणाऱ्याला. लंगरी, म्हंजी आचारी, सुभेदाराचंबी ऐकत न्हाई. तवा अक्कांनी आपलं रेशन आपुन खावं. माज्या घरच्यांचं माज्याकडं लागलं. मी आल्यावर एक पोतं जोंधळं पाठीवर आणून घालीन. तुमचा भाऊ मानसिंग."

अक्का वाचता वाचता हसायला लागल्या. आधी ओठातल्या ओठात, मग खळखळून. आजी म्हणाली, "ह्यो कुनाचा आवाज?" कारण दीड वर्ष एका जात्यावर बसूनही तिनं अक्कांचं हसू ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे गेलो. उन्हं अजून कौलांवर होती. सोप्यावर दोन पानं मांडलेली, माझं आणि आईचं. आत, स्वयंपाकघराच्या दारापाशी, एक पाट आणि एक ताट. अक्का हातपाय धुऊन आल्या आणि त्या पाटावर बसल्या. ताटात अर्धी भाकरी, मुगाची आमटी, पेलाभर दूध. सुलाबाई चुलीपाशी उभ्या होत्या. आई उंबऱ्याबाहेर होती. जेवताना अक्का बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत. पहिला घास मोडून त्यांनी हातात धरला. किती वेळ धरला असेल! मग तोंडात घातला. गिळताना त्यांचे डोळे मिटले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. अर्धी भाकरी संपली, दूध संपलं. उठताना त्यांनी आईला खुणेनं विचारलं, तू का थांबलीस? जेव.

आईनंही आपलं पान संपवलं. धन्यकुमारनी आमच्यासाठी एक भाकरी जास्त टाकायला सांगितली होती, ते आम्हाला पुढं कळलं.

वडील सेहेचाळीस सालात आले. मिरजेला रेल्वेतून उतरून चालत. मी त्यांना ओळखलं नाही, आजीनं पावलांवरून ओळखलं. दुकानावर तेव्हा तांबडा मायलो, परदेशी जोंधळा, यायचा. त्याच्या भाकरीला तडे जायचे आणि ती घशाला टोचायची. आईला ती नवऱ्यापुढं ठेवायची लाज वाटत होती. वडील म्हणाले, "इतकी वर्सं डब्यातलं खाल्लंय. तव्यावरची हाय न्हवं? आण." आणि मग आम्ही चौघं एका ओळीत बसलो. वडलांना वाटलं आई वाढायला उभी राहील. आजी म्हणाली, "ती बसंल. आमच्यात आसंच आसतं." वडलांनी थोडा वेळ दोघींकडं पाहिलं, मग सरकून जागा केली.

पोतं त्यांना लगेच काही घालता आलं नाही. रान वाट्यातून सोडवून घेतलं, पुढच्या सुगीला जोंधळा झाला, तेव्हा त्यांनी एक पोतं पाठीवर घेऊन अक्कांच्या सोप्यावर टाकलं. अक्का म्हणाल्या, "एवढं मी कधी दिलं?" वडील म्हणाले, "आमी मोजलं न्हाई, तुमीबी मोजू नगा." अक्कांनी ते ठेवून घेतलं. आईला त्यांनी तोवर बाराखडी शिकवली होती. आई आता पत्रावर अंगठा करत नसे, वाकडीतिकडी सही करायची, आणि सहीचं काम नसलं तरी करायची.

एकोणपन्नास साली सांगलीत मुलींचं एक नवं वसतिगृह निघालं आणि तिथलं स्वयंपाकघर सांभाळायला अक्कांना बोलावणं आलं. चाळीस मुली, तीन स्वयंपाकिणी. घरचे जाऊ द्यायला तयार नव्हते. धन्यकुमार म्हणाले, "वैनी, तुम्हाला इथं काय कमी आहे?" अक्का म्हणाल्या, "काही कमी नाही. म्हणून तर जाते."

आजी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. जायच्या आदल्या दिवशी अक्का तिच्याजवळ येऊन बसल्या. आजीनं त्यांचा हात हातात घेतला, मनगट दाबून बघितलं, दंड दाबून बघितला, म्हशीचं वासरू बघावं तसं.

"बरी झालीस," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्यांना अगं-तुगं केलं.

पुढच्या जूनमध्ये मलाही शिकायला त्याच वसतिगृहात ठेवलं. पहिल्याच दिवशी मी स्वयंपाकघरात डोकावले. मुलींची पंगत बसायला अजून वेळ होता, आणि आत तिन्ही स्वयंपाकिणी खाली बसून जेवत होत्या, अक्का त्यांना वाढत होत्या. मी विचारलं, "अक्का, ह्या आधी?"

"तापलेल्या चुलीपुढं उपाशी उभं राहून चाळीस पानं वाढायची म्हणजे काय, तुला माहीत आहे का?" अक्का म्हणाल्या. "जा, हात धू. आणि आईला पत्र लिही, पोचले म्हणून. तू काय खाल्लंस तेही लिही. ती विचारणारच."